पहिली काही सोडून

कोणतीही जुनी पोथी घ्या. वरचे फडके सोडून लाकडी फळी बाजूला केली, की पहिल्या पानाच्या डोक्यावर बहुधा एकच वाक्य दिसते : श्रीगणेशाय नमः. कित्येक पोथ्यांत त्यापाठोपाठ सरस्वतीला नमन असते, मग गुरूला, मग कुलदैवताला. आणि त्यानंतर कोठे ग्रंथ सुरू होतो. आता समजा, एखाद्या संग्रहातील हजारभर पोथ्यांची आरंभीच्या शब्दावरून अकारविल्हे यादी करावयाची आहे. यादी करणाऱ्याने पहिला शब्द प्रामाणिकपणे उतरून घेतला, तर बहुतेक साऱ्या पोथ्या 'श' या एकाच अक्षराखाली गर्दी करून बसतील आणि ती यादी कोणाच्याही उपयोगाची राहणार नाही. म्हणून जाणता सूचिकार नमने ओलांडून पुढे जातो आणि खरा आरंभ शोधतो. १८३७ साली मालवणास जन्मलेले (मालवण तेव्हा आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यात होते, सिंधुदुर्ग वेगळा झाला तो १९८१ साली) आणि रत्नागिरीच्या शाळेत शिकलेले रा. गो. भांडारकर यांनी मुंबई इलाख्यातील संस्कृत हस्तलिखितांच्या शोधाचे जे अहवाल लिहिले, त्या प्रकारच्या कामात हे ओलांडणे पावलोपावली करावे लागते.

हेच काम संगणकाला सांगावयाचे झाले तर काय करावे लागते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. कला शाखेच्या वार्षिकात संगणकाचे काय काम, असे कोणी विचारील. परंतु 'पहिली काही सोडून उरलेली घे' ही आज्ञा संगणकशास्त्रातील अगदी प्राथमिक आज्ञांपैकी एक असली, तरी तिच्यात ज्या अडचणी येतात त्या निम्म्याहून अधिक भाषेच्या आणि इतिहासाच्या आहेत. त्या आपल्याच अंगणातील आहेत, तेव्हा आपण त्यांकडे पाहावयास हरकत नाही.

प्रथम आज्ञा कशी असते ते पाहू. संगणकाच्या बहुतेक भाषांत एकापाठोपाठ एक मांडलेल्या वस्तूंना, मग त्या नावे असोत, आकडे असोत वा अक्षरे असोत, एक समूह म्हणून नाव देता येते. हॅस्केल या भाषेत 'ड्रॉप ३' म्हटले की पहिल्या तीन वस्तू गळतात आणि बाकीचा समूह हाती येतो. सी-शार्पमध्ये त्याच कामाला 'स्किप' म्हणतात. पायथन या आज फार शिकविल्या जाणाऱ्या भाषेत तर शब्दही लागत नाही : यादीच्या नावापुढे चौकटी कंस काढावयाचा, त्यात ३ लिहावयाचे आणि पुढे आपल्या विसर्गासारखी दोन टिंबे द्यावयाची. झाले काम. मूळ यादी जागच्या जागी राहते. आपल्या हाती येते ती चौथ्यापासूनची वेगळी यादी.

येथे नवख्या विद्यार्थ्याला पहिली ठेच लागते. लिहिले ३ आणि मिळाले चौथ्यापासून, हे कसे? याचे कारण असे, की या भाषा पहिल्या वस्तूचा क्रमांक शून्य धरतात. फोर्ट्रानसारख्या जुन्या भाषा एकपासून मोजत असत; पुढे शून्याची चाल पडली, आणि डाइक्स्ट्रा या डच संगणकशास्त्रज्ञाने १९८२ साली एक छोटे टिपण लिहून शून्यापासून मोजणेच कसे सोयीचे आहे ते मांडले. इंग्रजी पुस्तकांतून हा भाग समजावताना बरीच पाने खर्ची पडतात. मराठी माणसाला मात्र त्यासाठी फारसे कष्ट पडू नयेत. आपण मुलाचे वय सांगताना "तिसरे संपून चौथे लागले" असे म्हणतो. तीन हा आकडा येथे सरलेल्या वर्षांचा आहे, चालू वर्षाचा नव्हे. संगणकाचा क्रमांकही तसाच 'गत' क्रमांक आहे : त्या वस्तूच्या आधी किती वस्तू होऊन गेल्या, एवढेच तो सांगतो. पहिल्या वस्तूच्या आधी काहीच नाही, म्हणून तिचा क्रमांक शून्य. आपल्याकडे ज्योतिषाच्या गणितात शकाचा आकडाही असा गतवर्षांचाच धरीत आले आहेत.

आता नित्याच्या व्यवहारातील एक उदाहरण. परीक्षेच्या गुणांची यादी संगणकात येते तेव्हा वरच्या ओळीत महाविद्यालयाचे नाव, दुसरीत वर्ग व वर्ष आणि तिसरीत 'क्रमांक, आडनाव, गुण' अशी रकान्यांची मथळ्याची ओळ असते. आज्ञावली लिहिणारा म्हणतो, पहिल्या तीन ओळी सोड. काही वर्षे हे सुरळीत चालते. मग एके वर्षी कोणीतरी वर्गाची ओळ अनावश्यक म्हणून काढून टाकतो. मथळा आता दोनच ओळींचा उरला. परंतु संगणक ठरल्याप्रमाणे तीन सोडतो. तिसरी ओळ ज्याची होती तो विद्यार्थी गेला! आणि यादी अकारविल्हे असल्यामुळे जातो तो नेहमी 'अ' किंवा 'आ'वरून आडनाव असलेलाच. याच्या उलट कोणी मथळ्यात एक ओळ वाढविली, तर तीन सोडूनही मथळा शिल्लक राहतो आणि 'आडनाव' नावाचा एक विद्यार्थी 'गुण' इतके गुण मिळवून यादीच्या अग्रभागी विराजमान होतो. हा दुसरा प्रकार हसण्यावारी जातो, कारण तो ताबडतोब डोळ्यांत भरतो. पहिला प्रकार भयंकर आहे. त्यात संगणक कुरकुर करीत नाही, कागदावर काही विचित्र दिसत नाही. साठांपैकी एकोणसाठ नावे नीटनेटकी छापून येतात, आणि साठावा आपण नापास झालो की गैरहजर ठरलो याचा विचार करीत घरी बसतो.

वगळण्याची आज्ञा सहसा तक्रार करीत नाही, हे येथे नोंदवून ठेवावे. यादीत दोनच वस्तू असताना तिसरी वस्तू मागितली तर पायथन चूक दाखवून थांबते. पण पहिल्या तीन सोडून उरलेल्या दे म्हटले, तर निमूटपणे रिकामी यादी हाती ठेवते. ही सोय म्हणून केली आहे आणि ती खरोखर सोयीची आहे. तिच्या पोटात वरील धोका आहे, इतकेच.

दुसरा प्रश्न कष्टाचा. वगळलेल्या वस्तूंसाठी संगणकाला श्रम पडतात की नाही? हे समूह कसा मांडला आहे यावर अवलंबून असते. एकसारख्या रुंदीच्या खोल्यांची चाळ असावी तशा वस्तू मांडलेल्या असतील, तर दहा हजारावी खोली कोठे आहे हे एका गुणाकाराने कळते; मधल्या दारांवरून चालत जावे लागत नाही. पण आपल्या एखाद्या वाडीत पाहुणा घर शोधत निघाला, की पाखाडी चढून पहिल्या घरी विचारावे, त्यांनी पुढचे घर दाखवावे, तेथे पुन्हा विचारावे, असा क्रम असतो. संगणकातील एका प्रकारच्या साखळीत प्रत्येक वस्तूला फक्त पुढच्या वस्तूचा पत्ता ठाऊक असतो. तेथे पहिल्या दहा हजार सोडावयाच्या म्हणजे दहा हजार उंबरे झिजवावयाचे. ध्वनिमुद्रिकेवर सुई उचलून तिसऱ्या गाण्यावर ठेवता येत असे, कॅसेट मात्र गुंडाळीत न्यावी लागे. आमच्या प्राध्यापकवर्गास हा फरक लगेच पटेल. शिवाय काही समूह एकदाच वाहून जाणारे असतात. त्यांतील सोडलेला भाग परत मिळत नाही. कीर्तनाला उशिरा पोहोचलेल्याचा पूर्वरंग गेला तो गेलाच, उत्तररंगावरच समाधान मानावे लागते. तशातला हा प्रकार.

चालत जाण्याऐवजी उडी मारण्याची ही युक्ती संगणकाच्या जन्मापूर्वी चारशेहून अधिक वर्षे कोकणात वापरली गेली आहे, आणि ती इतकी सुंदर आहे की तिच्यासाठी थोडे थांबले पाहिजे. पंचांगकर्त्याला कोणत्याही दिवशीचा ग्रह काढावयाचा तर आधी 'अहर्गण' काढावा लागतो. अहर्गण म्हणजे ठराविक आरंभापासून सरलेल्या दिवसांची संख्या. आरंभ कलियुगापासून धरला, तर आज ही संख्या साडेअठरा लाखांच्याही वर जाते. एवढ्या संख्येला प्रत्येक ग्रहाच्या गतीने हाताने गुणावयाचे म्हणजे काय दिव्य असेल! कुलाब्याकडील नांदगावचे गणेश दैवज्ञ यांनी शके १४४२, म्हणजे इ. स. १५२० हा आरंभ धरून 'ग्रहलाघव' हा ग्रंथ रचला, आणि त्यात नावाप्रमाणे खरोखरच लाघव केले. त्यांनी काळाचे अकरा-अकरा वर्षांचे तुकडे पाडले व त्यांस 'चक्र' म्हटले. अकरा वर्षांत नेहमीचे १३२ आणि अधिक ४ असे साधारण १३६ चांद्रमास होतात, आणि त्यांचे दिवस भरतात ४०१६. आता एका चक्रात ग्रहाच्या स्थानात किती फरक पडतो तो आकडा आधीच काढून ठेवावयाचा (त्यास ध्रुव म्हणतात), आणि आरंभीचे स्थान 'क्षेपक' म्हणून हाताशी ठेवावयाचे. मग सरलेली चक्रे मोजून ध्रुवाने गुणली की तेवढा काळ एका झेपेत मागे पडला. चालावयाचे उरते ते केवळ शेवटच्या अपुऱ्या चक्रात.

प्रत्यक्ष करून पाहा. शके १९४७ घ्या (इ. स. २०२५-२६). त्यातून १४४२ वजा केले, उरले ५०५. यास अकराने भागले, भागाकार ४५ आणि बाकी १०. म्हणजे पहिली पंचेचाळीस चक्रे, अर्थात १,८०,७२० दिवस, सोडून दिले. गणकाच्या वाट्याला शेवटची दहा वर्षे आणि चालू वर्षाचे काही महिने-दिवस एवढेच आले. दिवसांची संख्या कधीही चार हजारांच्या फारशी पलीकडे जात नाही, मग शक १५०० असो वा १९४७. लहानसहान दुरुस्त्या ग्रंथात आहेत, त्यांच्या खोलात आपण शिरू नये. परंतु 'आरंभाचा पत्ता, अधिक वगळलेल्या घरांची संख्या गुणिले एका घराची रुंदी' हे जे सूत्र आज संगणक वापरतो, त्यात आणि क्षेपक, चक्र व ध्रुव यांच्या या मांडणीत विचाराचा फरक मला तरी दिसत नाही. ग्रहलाघवाची व एकंदर आपल्या ज्योतिषाची कसून चिकित्सा ज्यांनी मराठीत केली, ते शंकर बाळकृष्ण दीक्षित आपल्या दापोली तालुक्यातील मुरूडचे. त्यांचा 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा ग्रंथ १८९६ साली प्रसिद्ध झाला. आपल्या जिल्ह्याच्या या सुपुत्राचे नाव आज किती विद्यार्थ्यांस ठाऊक असेल, हा प्रश्न विचारावयाचा मोह होतो, पण तो आवरतो.

उडीला एक अट मात्र आहे. घरे सारख्या रुंदीची हवीत. जेथे ती तशी नसतात तेथे मोजून वगळणे कामाचे नाही; लक्षण पाहून वगळावे लागते. याचे उत्तम उदाहरण म्हणजे मोडी पत्रे. पेशवाईतील पत्राचा आरंभ मायन्याने होतो आणि मायना माणसाच्या मानाप्रमाणे लांबतो-आखडतो. एखाद्यास 'राजमान्य राजश्री' पुरते. एखाद्याच्या नावाआधी 'अखंडित लक्ष्मी अलंकृत' लावल्याविना लेखणी पुढे जात नाही. मग नाव, मग 'स्वामींचे सेवेसी' किंवा 'गोसावी यांसी', मग लिहिणाऱ्याचे नाव व नमस्कार किंवा आशीर्वाद, 'विनंती उपरी', येथील कुशल जाणून स्वकीय कुशल लिहीत जावे, 'विशेष'. आणि मग मुद्दा. पहिले दहा शब्द सोड अशी आज्ञा केली तर एका पत्रात मुद्द्याचा पहिला शब्द कापला जाईल आणि दुसऱ्यात निम्मा मायना शिल्लक राहील. याकरिता संगणकाच्या भाषांत दुसरी आज्ञा असते : अमुक लक्षण दिसत आहे तोवर सोडीत जा. हॅस्केलमध्ये तिला 'ड्रॉप-व्हाइल' आणि सी-शार्पमध्ये 'स्किप-व्हाइल' म्हणतात.

या 'तोवर'मध्ये सारे मर्म आहे. लक्षण जेथे प्रथम थांबते तेथे ही आज्ञाही कायमची थांबते, पुढे ते लक्षण पुन्हा आले तरी ती ढुंकून पाहत नाही. याउलट गाळणीसारखी एक तिसरी आज्ञा असते, जी समूहाच्या शेवटापर्यंत जाऊन लक्षण असलेली प्रत्येक वस्तू काढून टाकते. नवशिके विद्यार्थी या दोहोंत हटकून गल्लत करतात. मोडी पत्राच्या बाबतीत ही गल्लत केल्यास काय होईल पाहा. 'राजश्री' हा मायन्यातील शब्द म्हणून तो गाळावयाचा ठरविला आणि 'तोवर'ऐवजी गाळणी लावली, तर मजकुरात ज्या ज्या सरदारांचा, कारकुनांचा उल्लेख 'राजश्री अमुक' असा आला आहे, त्या साऱ्यांची पदवी पुसली जाईल. 'तोवर'वाली आज्ञा मजकुराला हात लावीत नाही. तिचे काम उंबरठ्यापर्यंतचे.

वास्तविक मायना वगळावा की नाही हाच मुळात वादाचा मुद्दा आहे. ज्याला फौजेची हालचाल किंवा धान्याचा भाव शोधावयाचा आहे त्याने तो खुशाल ओलांडावा. परंतु कोण कोणास थोर समजत होता, काल 'सेवेसी' लिहिणारा आज 'यांसी' लिहू लागला तो का, ही माहिती मायन्यातच असते. मुद्द्याच्या मजकुरात ती शोधून सापडणार नाही. वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून साधनांचे खंड काढले, गो. स. सरदेसाई यांनी १९३० नंतर पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे पंचेचाळीस भाग संपादिले. अशा छापील साधनांवर संगणक चालवून शब्दांच्या याद्या करण्याची भाषा आता आपल्याकडेही होऊ लागली आहे. ती करणाऱ्यांनी सोडलेला मायना फेकून न देता वेगळ्या रकान्यात ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. संगणकाला ते जड नाही. समूह दुभंगून दोन्ही भाग हाती देणाऱ्या आज्ञाही असतात.

आता शेवटची आणि मराठीपुरती सर्वांत अवघड गोष्ट. आतापर्यंत आपण ओळी वगळल्या, दिवस वगळले, शब्द वगळले. अक्षरे वगळावयाची झाली तर? 'रत्नागिरी' हाच शब्द घेऊ. पहिली दोन अक्षरे सोडली तर काय उरते? आपण सारे म्हणू, 'गिरी'. र, त्ना, गि, री अशी चार अक्षरे. त्यातील दोन गेली. वृत्तशास्त्राच्या तासालाही आपण हीच चार मोजतो : गुरु, गुरु, लघु, गुरु.

संगणक मात्र असे मोजीत नाही. त्याच्या पोटात हा शब्द नऊ खुणांचा आहे : र, त, पाय मोडण्याचे चिन्ह, न, काना, ग, पहिली वेलांटी, र, दुसरी वेलांटी. ही पद्धत १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या युनिकोड या जागतिक संकेताची, आणि त्यातील देवनागरीची मांडणी आपल्याच देशातील 'इस्की' या १९८८ च्या संकेतावरून घेतलेली आहे. तेव्हा परक्यांनी आपल्यावर लादली असे म्हणावयास जागा नाही. मांडणी तर्कशुद्धही आहे. परंतु तिच्यावर 'पहिल्या दोन सोड' ही आज्ञा चालविली, की र आणि त गळतात आणि उरलेल्या शब्दाच्या तोंडाशी आधार नसलेले पाय मोडण्याचे चिन्ह लोंबकळू लागते. पडद्यावर त्याच्याखाली एक ठिपक्याठिपक्यांचे वर्तुळ उमटते, ते याचेच. तीन सोडल्या तर 'नागिरी' उरते, जे वाचता येते पण कशाचेच नाव नाही. पाच सोडल्या तरच 'गिरी' हाती लागते. सहा सोडल्या, तर पहिली वेलांटी ग-विना अनाथ होते; कारण ती डोळ्यांना ग च्या आधी दिसली, तरी संगणकात ग च्या नंतर साठविलेली असते.

'डोळ्यांना दिसते ते एक अक्षर' ही कल्पना संगणकाला शिकविण्याचे नियम युनिकोडवाल्यांनी केलेले आहेत. परंतु त्यांचा मूळ नियम जोडाक्षर मोडलेल्या पायापाशी तोडीत असे. त्या हिशेबाने 'रत्नागिरी'ची अक्षरे र, त्, ना, गि, री अशी पाच होत. देवनागरी व आणखी काही भारतीय लिप्यांतील जोडाक्षरे अखंड धरावीत असा नियम आला तो २०२३ च्या आवृत्तीत. म्हणजे जगाच्या प्रमाण नियमाने आपल्या गावाच्या नावात चार अक्षरे आहेत, हे सर्वमान्य व्हावयास २०२३ साल उजाडावे लागले. जुनी आज्ञावली चालविणारे यंत्र अजूनही पाच मोजील. ज्ञानेश्वर, क्षितिजा, श्रीकांत अशा नावांचे आद्याक्षर काढताना जो घोटाळा होतो तो याच घराण्यातला : यंत्र पहिली खूण उचलते आणि श्रीकांताला 'श' करून सोडते.

ग्रंथपालांना हा प्रश्न निराळ्या रूपाने फार पूर्वी भेटला. इंग्रजी पुस्तकांच्या नावाआरंभी 'द', 'अ', 'अ‍ॅन' अशी उपपदे असतात. ती धरून पुस्तके लावली तर निम्मे ग्रंथालय 'टी'खाली जाईल. १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये हेन्रिएट अ‍ॅव्हराम यांच्या देखरेखीखाली 'मार्क' नावाची संगणकीय नोंदपद्धती तयार झाली. तीत पुस्तकाच्या नावाबरोबर एक अंकही नोंदवितात : अकारविल्हे लावताना आरंभीच्या किती खुणा सोडावयाच्या. 'द' या उपपदाची तीन रोमन अक्षरे व पुढची मोकळी जागा मिळून ४. सोडावयाचे काही नसेल तर ०. जागा एकाच अंकाची, त्यामुळे नऊच्या पलीकडे सोडता येत नाही. यात नियम यंत्राच्या माथी मारलेला नाही. प्रत्येक पुस्तकाचा निर्णय त्याच्याच नोंदीत बसविला आहे, आणि तो माणसाने घेतलेला आहे. मला ही योजना वर सांगितलेल्या सर्व युक्त्यांहून शहाणपणाची वाटते.

आपल्या भाषेत उपपदे नाहीत, पण 'श्री' आहे. १८२८ पासूनचे नगर वाचनालय असलेल्या या गावातील वाचकाने गीता शोधावी कोठे, 'श'त की 'भ'त? 'श्रीमद्भगवद्गीता' या नावातील भगवद्गीता वेगळी काढावयाची, तर डोळ्यांना दिसणारी अक्षरे मोजून भागत नाही. श्री, म ही दोन ठीक. परंतु तिसरे अक्षर 'द्भ' आहे, त्याचा अर्धा भाग मागच्या पदाचा आणि अर्धा पुढच्या. कातर त्या जोडाक्षराच्या मधोमध चालवावी लागते, आणि येथे, केवळ येथे, संगणकाची ती नऊ खुणांची कोरडी मोजणी उपयोगी पडते : श, पाय मोडण्याचे चिन्ह, र, दुसरी वेलांटी, म, द, पुन्हा पाय मोडण्याचे चिन्ह. सात खुणा सोडल्या की पुढे 'भगवद्गीता' सबंध उभी. बरे, 'श्रीम' दिसताच सात सोड असा सरसकट नियम करावा, तर त्याच कपाटात रणजित देसाईंची 'श्रीमान योगी' आहे. तिचे 'श्रीमान' कोणी सोडीत नाही आणि सोडूही नये. वाचक तिला 'श'तच शोधणार. तेव्हा नोंद करणाऱ्याने दोन्ही पुस्तके हातात घ्यावयाची, नावे वाचावयाची, आणि पहिल्याच्या रकान्यात सात व दुसऱ्याच्या रकान्यात शून्य लिहावयाचे.